नंदुरबार १९४२ : ‘वाजवी’ या शब्दाचा प्रवास

दरवर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या माणिक चौकातील हुतात्मा स्मारकापाशी लोक जमतात. शाळकरी मुले येतात, फुले वाहिली जातात, भाषणे होतात. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच नावे उच्चारली जातात. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे १९४२ च्या त्या दिवशी त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. शाळेच्या पुस्तकांतून आणि सभांतून ही कथा सांगितली जाते ती साधारण अशी : हातात तिरंगा घेतलेल्या मुलांची मिरवणूक, समोर पोलीस, मुलींच्या दिशेने रोखलेली बंदूक, आणि ‘मारायचेच तर मला मार’ असे म्हणत पुढे आलेला एक मुलगा.

या कथेचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. लोकस्मृतीने ती जशी जपली आहे तशी ती जपली जावी. परंतु साहित्याचे विद्यार्थी म्हणून कोणतीही कथा वाचताना आपण एक प्रश्न विचारतो : निवेदनाने काय दाखवले आणि काय चौकटीबाहेर ठेवले? नंदुरबारच्या कथेच्या चौकटीत दोनच पात्रे उरली आहेत, मुलगा आणि फौजदार. एक निर्भय, दुसरा निर्दय. चौकटीबाहेर राहिले ते युद्ध. ९ सप्टेंबर १९४२ या दिवशी हिंदुस्थान तीन वर्षांपासून महायुद्धात होता. मिरवणूक काढणे, पत्रक छापणे, बातमी देणे, घरी स्वस्थ झोपणे या साऱ्या साध्या गोष्टींवर युद्धाच्या नावाने केलेल्या कायद्यांची सावली होती. फौजदाराचा निर्दयपणा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. त्याच्या हातातील अधिकाराला ‘कारण काय?’ असे विचारण्याची सोय त्या वेळी कोणाकडे होती?

या लेखात आम्ही त्या प्रश्नाचा माग काढू इच्छितो. तो काढताना आमच्या हाती लागलेला धागा म्हणजे एक शब्द आहे. इंग्रजी कायद्यात तो ‘रिझनेबल’ म्हणून येतो, आपण त्याला ‘वाजवी’ म्हणतो. मूळ अरबी ‘वाजिब’पासून फारसीमार्गे मराठीत आलेला हा शब्द आपल्याकडे न्यायालयापेक्षा बाजारात अधिक रुळला. नंदुरबारसारख्या व्यापारी गावात तर तो रोजचाच. भाव वाजवी आहे असे विकणाऱ्याने कितीही सांगितले तरी तेवढ्याने तो वाजवी ठरत नाही. घेणाऱ्याला, शेजारच्या दुकानदाराला, त्रयस्थालाही तो पटावा लागतो. बोलणाऱ्याच्या मनाबाहेरचे एक माप या शब्दात गृहीत धरलेले आहे. युद्धकाळात सरकारला नकोसे होते ते नेमके हेच माप.

*

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कोणत्याही निर्वाचित प्रतिनिधीला विचारण्यात आले नव्हते. त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला आणि महिन्याअखेर त्याचे रूपांतर १९३९ च्या भारत संरक्षण कायद्यात झाले. या कायद्याने मध्यवर्ती सरकारला नियम करण्याचे अधिकार दिले, आणि त्या नियमांचा एक जाडजूड संग्रह तयार झाला. नियम २६ प्रमाणे खटल्याविना स्थानबद्ध करता येई. नियम ५६ प्रमाणे सभा व मिरवणुका यांवर बंदी घालता येई. नियम १२९ प्रमाणे पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करून ठेवता येई. नियम ३४ मध्ये ‘घातक कृत्य’ आणि ‘घातक वृत्त’ यांची लांबलचक व्याख्या होती. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी द्वेष वा तुच्छता निर्माण करणे हेही त्या व्याख्येत मोडत होते. म्हणजे शत्रूला बातमी पुरवणारा आणि सरकारवर टीका करणारा एकाच नियमाच्या दोन पोटकलमांत शेजारी शेजारी बसले.

१९३९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली. मुंबई इलाख्यात १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरचे राज्य सुरू झाले. विधिमंडळात प्रश्न विचारणे हा सरकारकडून कारण वदवून घेण्याचा एक मार्ग असतो. तो येथे बंद झाला.

याच सुमारास युद्धकाळातील भाषणस्वातंत्र्य हा विषय आंदोलनाच्या केंद्रस्थानी आला, हे आज सहसा आठवले जात नाही. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह स्वराज्याच्या तात्काळ मागणीसाठी नव्हता. इंग्लंडात युद्धाला सदसद्विवेकाने विरोध करणाऱ्याला जेवढी मोकळीक आहे तेवढी येथेही मिळावी, युद्धाला माणसे वा पैसा देणे गैर आहे असे उघडपणे बोलता यावे, एवढीच गांधीजींची मागणी होती. व्हाइसरॉयने ती नाकारली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे यांनी पहिला सत्याग्रही म्हणून भाषण केले आणि चार दिवसांनी त्यांना अटक झाली. ज्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, तेच हे विनोबा. त्यांच्या तोंडून कोणाला धोका पोहोचणार होता, असे विचारण्याची सोय नियमांत नव्हती.

*

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजी व कार्यकारिणीचे सदस्य पकडले गेले. गांधीजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात आणि कार्यकारिणीचे बहुतेक सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. चळवळीच्या बातम्या सरकारी वा सरकारमान्य मार्गांनी आलेल्या असतील तरच छापाव्यात असे वृत्तपत्रांना बजावण्यात आले. ‘हरिजन’ बंद पडले. १५ ऑगस्टला सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम निघाला. पुढे त्याच पठडीत १९५८ साली स्वतंत्र भारताने आपला कायदा केला. एखाद्या गावाकडून सामूहिक दंड वसूल करण्याचा वटहुकूम निघाला, विशेष फौजदारी न्यायालये बसली. ३१ ऑगस्टला लिनलिथगो यांनी चर्चिल यांना लिहिले की हे १८५७ नंतरचे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याची व्याप्ती लष्करी कारणास्तव आपण जगापासून लपवून ठेवली आहे. हे लिहिल्यानंतर नऊच दिवसांनी नंदुरबारला गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या काळचे नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर, १ जुलै १९९८ रोजी. तापी खोऱ्यातून सुरतेला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे व्यापारी ठिकाण. बाजारात गुजराती, घरोघरी अहिराणी, शाळा-कचेरीत मराठी, आणि सातपुड्यातून आठवडी बाजाराला उतरणाऱ्या माणसांच्या तोंडी भिली. वर दिलेल्या पाच नावांतही ही सरमिसळ दिसते. मोठे पुढारी महिन्याभरापूर्वीच तुरुंगात गेलेले. अशा वेळी रस्त्यावर उरतात ती शाळकरी मुले. अटकेच्या घटनेला एक महिना झाला म्हणून ९ सप्टेंबरला मिरवणूक निघाली.

गोळीबार हा त्या काळातही कायद्याबाहेरचा प्रकार नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे दंडाधिकारी वा ठाण्याचा प्रमुख जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शके आणि जमाव न पांगल्यास बळाचा वापर करू शके. त्याच संहितेच्या १३२ व्या कलमाने असे बळ वापरणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण दिले होते. सरकारच्या परवानगीशिवाय त्याच्यावर खटला भरता येत नसे, आणि ‘सद्भावनेने’ केलेले कृत्य गुन्हा ठरत नसे. परवानगी द्यायची त्या सरकारनेच, ज्याच्या विधिमंडळाला कुलूप होते आणि ज्याच्याविरुद्धची बातमी छापायला मनाई होती. शांततेच्या काळात ‘सद्भावना’ हा शब्द तपासून पाहायला वृत्तपत्र असते, विधिमंडळ असते, निदान एखादी चौकशी समिती असते. १९४२ मध्ये हा शब्द ज्याचा त्यानेच तपासायचा होता.

१९४२ अखेरपर्यंतचे सरकारने स्वतः दिलेले आकडे असे : गोळीबाराचे ५३८ प्रसंग, ९४० मृत, १,६३० जखमी, साठ हजारांवर अटका, आणि त्यांपैकी सुमारे अठरा हजार भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध. लोकांचा अंदाज याहून बराच मोठा होता. आपण सरकारी आकडाच धरू. त्या ५३८ प्रसंगांतला एक नंदुरबारचा. बाकीच्यांपैकी कितींची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

*

गोळीचा प्रश्न त्या काळी कोणत्याही न्यायालयापर्यंत नीटपणे पोहोचू शकला नाही. स्थानबद्धतेचा प्रश्न मात्र पोहोचला, कारण स्थानबद्ध माणूस जिवंत असतो आणि अर्ज करू शकतो. म्हणून ‘वाजवी’ या शब्दाची कथा आपल्याला स्थानबद्धांच्या खटल्यांतून वाचावी लागते.

ती इंग्लंडपासून सुरू होते. तेथे युद्धारंभी जो स्थानबद्धतेचा नियम झाला त्याच्या पहिल्या मसुद्यात गृहमंत्र्याची ‘खात्री पटली’ तर माणसाला डांबता येईल असे शब्द होते. १९३९ च्या शरद ऋतूत पार्लमेंटने त्याला हरकत घेतली. सरकारने शब्द बदलले. आता गृहमंत्र्याजवळ तसे मानण्यास ‘वाजवी कारण’ असावे लागणार होते. युद्ध सुरू असताना एका सभागृहाने एका विशेषणासाठी भांडावे आणि ते मिळवावे, ही गोष्ट लहान नाही.

पण शब्द मिळाला तरी अर्थ राखावा लागतो. लिव्हरसिज नावाच्या एका माणसाने ‘मला कोणत्या कारणाने डांबले?’ असे न्यायालयात विचारले. प्रतिवादी होते गृहमंत्री सर जॉन अँडरसन, ज्यांनी १९३२ ते १९३७ या काळात बंगालचे गव्हर्नर म्हणून शेकडो तरुणांना खटल्याविना डांबून ठेवणारी राजवट चालवली होती. १९४१ च्या नोव्हेंबरात उमरावांच्या सभागृहाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला : गृहमंत्र्याला कारण वाजवी वाटले एवढे पुरे, ते खरोखर वाजवी होते काय हे न्यायालयाने पाहू नये. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन वेगळे गेले. ‘कारण असणे’ आणि ‘कारण आहे असे वाटणे’ या दोन गोष्टी इंग्रजी भाषेत एक होऊ शकत नाहीत, असे त्यांनी बजावले. त्यासाठी त्यांनी कायद्याच्या ग्रंथाबरोबर लुईस कॅरॉलच्या मुलांच्या गोष्टीतील हम्प्टी डम्प्टीचाही दाखला दिला. आपण वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपण ठरवू तोच, असा त्या अंड्याचा दावा असतो. लॉर्ड चॅन्सेलरने हा उल्लेख गाळावा असे त्यांना सुचवले होते. त्यांनी गाळला नाही. साहित्याच्या प्राध्यापकांना आपल्या विषयाचा उपयोग काय असे कोणी विचारले, तर हे एक उत्तर देता येईल.

हिंदुस्थानात काय झाले? येथे एक चमत्कारिक विसंगती घडली होती. १९३९ च्या मूळ कायद्यात स्थानबद्धतेसंबंधी नियम करण्याचा अधिकार देताना ज्याच्यावर ‘वाजवी संशय’ आहे अशी व्यक्ती, असे शब्द होते. पण त्या अधिकाराखाली सरकारने लिहिलेल्या नियम २६ मध्ये मात्र सरकारची ‘खात्री पटली’ की पुरे, असे शब्द आले. कायद्यात ‘वाजवी’ होते, नियमात ते गळाले. प्रत नकलताना एखादा शब्द सुटावा तसा तो सुटलेला नव्हता. ‘खात्री’ ही मनाची अवस्था आहे, तिला बाहेरचे माप लागत नाही. मला खात्री आहे म्हणणाऱ्याशी वाद संपतो.

मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांनी हा मुद्दा लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयात यश आले नाही तेव्हा प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे गेले. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निर्णय दिला की नियम २६ मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर गेला आहे, म्हणून तो अवैध आहे. कायदेमंडळाने ‘वाजवी संशय’ म्हटले असताना नियमकर्त्याला ते विशेषण सोडून देता येणार नाही. युद्ध ऐन भरात असताना, एका इंग्रज न्यायाधीशाने, हजारो स्थानबद्धांच्या पायाखालची कायदेशीर जमीनच काढून घेतली.

सरकारने काय केले? एकालाही न सोडता, त्याच महिन्यात नवा वटहुकूम काढला. मूळ कायद्यातलेच शब्द नियमाला जुळतील असे बदलले, आणि हा बदल पूर्वीपासूनच होता असे मानावे, आधीचे सर्व हुकूम वैध धरावेत असेही त्यात म्हटले. नियम कायद्याशी जुळत नव्हता, म्हणून कायदाच नियमाशी जुळवून घेतला. ‘वाजवी’ हा शब्द भूतकाळातूनही पुसला गेला.

एक दार तरीही किलकिले राहिले. शिवनाथ बॅनर्जी यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने त्याच वर्षी पाहिले की बंगालमध्ये पोलिसांची शिफारस आली की स्थानबद्धतेचे हुकूम ठरावीक पद्धतीने निघत होते. कोणी खरोखर विचार केला होता असे दिसत नव्हते. खात्री हवी तर ती कोणाची तरी असली पाहिजे, कागदाची नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय. म्हणजे ‘वाजवी’ गेल्यावर न्यायालयाला ‘खात्री’ या शब्दाचा निदान प्रामाणिकपणा तपासण्यावर समाधान मानावे लागले.

*

येथवर वाचून कोणी म्हणेल की युद्ध खोटे होते काय? नव्हते. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकिनाड्यावर जपानी बाँब पडले. ऑगस्टनंतरच्या चळवळीत तारा तोडल्या गेल्या, रूळ उखडले गेले, काही ठिकाणी पोलीसही मारले गेले. शत्रू सीमेवर असताना सरकारला अधिक अधिकार लागतात, हे आम्ही नाकारत नाही. कोणतेही सरकार, स्वकीय वा परकीय, ते मागणारच.

आमचे म्हणणे एवढेच की अधिक अधिकार देणे आणि कारण विचारण्याची वाट बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि युद्धकाळात पहिलीच्या आडून दुसरी घडते. बंदरावर पहारा ठेवायला ‘वाजवी’ हा शब्द आड येत नाही. तो आड येतो शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळी झाडताना. ज्या अधिकाराला चांगले कारण आहे त्याला ते सांगण्याची भीती वाटण्याचे कारण नाही. कारण गुप्त ठेवावे लागत असेल तर ते निदान न्यायाधीशाला बंद दाराआड सांगता येते. याला उत्तर म्हणून नेहमी म्हटले जाते की युद्ध संपले की सर्व पूर्ववत होईल. ते किती वेळा खरे ठरले हे आपल्याच इतिहासात तपासता येते.

*

घटना समितीत मूलभूत हक्कांची चर्चा झाली तेव्हा सभा, संचार यांच्या हक्कांवर ‘निर्बंध’ घालता येतील असा मसुदा होता. १९४८ च्या डिसेंबरात पंडित ठाकुरदास भार्गव यांनी दुरुस्ती सुचवली की ‘निर्बंध’ या शब्दाच्या आधी ‘वाजवी’ घालावे. ती स्वीकारली गेली. निर्बंध वाजवी आहे की नाही हे आता न्यायालय पाहणार होते. १९४३ मध्ये वटहुकुमाने पुसलेला शब्द राज्यघटनेच्या १९ व्या कलमात आला.

पण दुसऱ्या दाराने जुना शब्दही आला. घटनेच्या २२ व्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला मान्यता दिली, आणि १९५० च्या त्याविषयीच्या कायद्यात पुन्हा सरकारची ‘खात्री पटली’ की पुरे असे शब्द बसले. शिवाय ३५८ व्या कलमाने ठरवून दिले की आणीबाणी जाहीर होताच १९ वे कलम सरकारला बांधणार नाही. ‘वाजवी’ हा शब्द घटनेत राहील, परंतु आणीबाणीच्या काळात रजेवर जाईल.

ही रजा प्रथम २६ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाली. चीनशी झालेले युद्ध महिन्याभरात थांबले. आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ रोजी. नवा भारत संरक्षण कायदा आणि नवे नियम आले, आणि त्यांखाली अनेक कम्युनिस्ट कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. त्यांपैकी प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी सरकारच्या परवानगीने मराठीत एक विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्यावे अशी त्यांची विनंती होती. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धाला हुकुमात जे हक्क दिले आहेत तेवढेच असतात आणि पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा हक्क त्यांत नाही, अशी सरकारची भूमिका.

उच्च न्यायालयाने हस्तलिखित जाऊ द्या असे सांगितले. राज्य सरकार एका अणुविज्ञानाच्या मराठी पुस्तकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी, म्हणजे लाहोर आघाडीवर नवे युद्ध पेटले त्याच दिवशी, न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला. स्थानबद्धतेच्या अटी या सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे. ज्याला यादीत बंदी नाही ते नाकारता येणार नाही. आणि पुस्तकात देशाच्या संरक्षणाला बाधक असे काही नाही. ‘वाजवी’ हा शब्द रजेवर असतानाही न्यायालयाने सरकारच्या हुकुमाचे वाचन करून, शब्दांना धरून, एका लेखकाचे हस्तलिखित तुरुंगाबाहेर काढले. मराठी ग्रंथांच्या इतिहासात या घटनेला आम्हांला कोठे फारशी जागा दिसलेली नाही. ती मिळावी.

दुसरी रजा ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झाली. बांगलादेशचे युद्ध १६ डिसेंबरला संपले. त्या युद्धापुरती जाहीर झालेली आणीबाणी १९७७ च्या मार्चपर्यंत कायम होती. १९७५ च्या जूनची अंतर्गत आणीबाणी हिच्या शिरावर चढवलेली दुसरी आणीबाणी होती, हे आपण विसरतो. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत १९७५ च्या डिसेंबरात बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. ‘मिसा’ कायद्याची भाषा तीच होती : सरकारची खात्री. दुरुस्तीने आता स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगण्याची गरज उरली नव्हती. नागपूरच्या खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकता येते असे म्हटले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते फिरवले. बहुमताने आधार घेतला तो १९४१ च्या लिव्हरसिज खटल्याचा. एकटे न्या. हंसराज खन्ना अ‍ॅटकिन यांच्या वाटेने गेले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. १९७९ साली इंग्लंडच्याच उमरावांच्या सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी मान्य केले की १९४१ चे बहुमत चुकले होते, अ‍ॅटकिन बरोबर होते. आपल्याकडे १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरला तो २०१७ साली.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने बरेच सावरले. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही न्यायालयापुढे नेता येतो. अंतर्गत बंडाच्या आणीबाणीत १९ वे कलम आपोआप स्थगित होत नाही. परंतु युद्ध वा परचक्र यांच्या आणीबाणीत ते आजही होते. म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर ‘वाजवी’ हा शब्द रजेवर पाठवण्याची तरतूद आपल्या घटनेत अजून आहे. ती असावी की नसावी याविषयी मतभेद होऊ शकतात. ती आहे हे मात्र नागरिकाला, निदान भाषा शिकवणाऱ्याला, माहीत असावे.

*

पुन्हा माणिक चौकाकडे येऊ. शिरीषकुमारच्या कथेत आपण धैर्य शोधतो आणि ते तेथे आहेच. पण केवळ धैर्याची कथा सांगितली की ऐकणाऱ्या मुलांच्या मनावर नकळत असे ठसते की तो फौजदार वाईट होता, ते राज्य परके होते, आणि ते दोन्ही गेल्यावर प्रश्न मिटला. राज्य गेले हे खरे. परंतु सद्भावनेचे कलम, खात्रीचा शब्द, विशेष अधिकारांचा वटहुकूम, ही सामग्री मागे राहिली आणि आपण ती आपल्या घरात लावून घेतली. १९४२ मध्ये ज्यांनी ती भोगली त्यांच्यापैकी पुष्कळजण पुढे ती वापरणाऱ्या सरकारांत मंत्री झाले. यात त्यांचा दुष्टपणा पाहण्याची गरज नाही. अधिकार ज्याच्या हाती असतो त्याला स्वतःच्या मनातली खात्री नेहमीच वाजवी वाटते.

साहित्याच्या वर्गात आम्ही विशेषणांविषयी मुलांना सावध करतो. अनावश्यक विशेषण गाळा, असे सांगतो. बहुधा ते बरोबरच असते. पण काही विशेषणे अशी असतात की ती गाळली तर वाक्याचा कर्ताच बेबंद होतो. पार्लमेंट त्यासाठी भांडले, तळपदे त्यासाठी दिल्लीपर्यंत गेले, भार्गवांनी ते घटनेत घालायला लावले. पुढच्या ९ सप्टेंबरला पाच नावे वाचून झाल्यावर मुलांना १९३९ च्या कायद्यातील ते वाक्य आणि नियम २६ मधील ते वाक्य शेजारी शेजारी लिहून दाखवावे, आणि दोहोंत कोणता शब्द कमी आहे असे विचारावे. उत्तर शोधायला त्यांना वेळ लागणार नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांचे वय शिरीषकुमारएवढेच असेल.